डोंगराला दोष देण्याची पूर्वतयारी

हिमालयात बोगदा खणायचं काम मिळालं म्हणता? अभिनंदन. मशीन, सुरुंग, मजूर सगळं नंतर बघू. आधी एक शब्द पाठ करा. जिऑलॉजिकल सरप्राइज, म्हणजे डोंगराच्या पोटात अचानक निघालेलं भलतंच काही. छत कोसळो, पाणी फुटो, मशीन आत गाडलं जावो, हा शब्द अहवालात टाकला की मुदत वाढवून मागता येते, वाढीव खर्च मागता येतो आणि चूक डोंगराच्या नावावर चढते. डोंगर काही कोर्टात जात नाही.

पण सरप्राइज आपोआप होत नाही, त्याची सोय करावी लागते. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बोअर. वरून भोक पाडतात, खडकाचे नळकांड्यासारखे तुकडे काढून लाकडी खोक्यात ओळीने मांडतात आणि दहा सेंटिमीटरपेक्षा लांब किती निघाले ते टेप लावून मोजतात. धड खडकाचे हातभर तुकडे येतात. भ्रंशातून, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पट्ट्यातून येतो चुरा, कधी नुसती ओली करडी माती. असं एक खोकं निघालं की संपलं, पुढे आश्चर्य कसलं वाटणार? म्हणून बोअर जीप पोचते तिथेच घ्या, दोन्ही तोंडांपाशी. मधल्या डोंगरावर चढायला कुणाला वेळ आहे? खणताना पुढच्या खडकात लांब भोक पाडून चाहूल घेता येते म्हणतात, पण तेवढा वेळ काम थांबतं. नकोच.

ही परंपरा जुनी आहे बरं का. स्वित्झर्लंडमध्ये लोत्शबर्गचा रेल्वे बोगदा कांडर नदीच्या खोऱ्याखालून चालला होता. डोक्यावर पुरेसा खडक आहे, असा सगळ्यांचा समज. २४ जुलै १९०८ च्या पहाटे सुरुंग उडवला तर वर खडक नव्हताच. हिमनदीने आणून टाकलेला पाण्याने भिजलेला गाळ आणि गोटे होते. ते सगळं आत आलं. २५ कामगार गेले. मग तो भाग भिंत घालून बंद केला, बोगदा वळसा घालून नेला आणि १३.७ किलोमीटरचा १४.६ झाला.

आपण मागे नाही. डिसेंबर २००९ मध्ये जोशीमठजवळ तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात मशीनने भूजलाचा साठा फोडला. सेकंदाला ७०० ते ८०० लिटर, म्हणजे दिवसाला सहा-सात कोटी लिटर पाणी. मशीन अडकून पडलं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठातल्या घरांच्या भेगा रुंदावल्या, तेव्हा त्यांचा बोगद्याशी काही संबंध नाही, असा प्रकल्पाच्या कंपनीचा खुलासा आला. खुलासा कसा तयार ठेवावा ते इथून शिका. हिमाचलातल्या रोहतांगच्या बोगद्यावर तर सेरी नाला डोंगरावरून उघड वाहतो, नाव-गावासकट नकाशावर आहे. खाली बोगद्यात त्याचं पाणी आलं आणि ५८७ मीटरच्या चुरा-चिखलाच्या पट्ट्याला चारेक वर्षं लागली. (सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्यांनी हसू नये. कोकण रेल्वेला पेडण्याच्या मऊ मातीने काय घाम फोडला ते आठवा. २०२० च्या पावसात तिथली भिंत पडली, २०२४ मध्ये पुन्हा पाणी आणि चिखल.)

कागदपत्रांचंही बघा. पर्यावरणाचा अभ्यास शंभर किलोमीटरच्या वरच्या रस्त्याला लागतो ना? मग उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याच्या सुमारे ९०० किलोमीटरचे ५३ तुकडे झाले तसे करा. डोंगर अखंड आहे, फाइल थोडीच अखंड असायला हवी!

आणि सुटकेचा मार्ग मंजुरीच्या कागदावर अवश्य दाखवा. त्याच रस्त्यावरच्या सिलक्याराच्या साडेचार किलोमीटरच्या बोगद्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती सुटकेच्या मार्गासकट. १२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे, आपल्याकडे अभ्यंगस्नानं चालू असताना, तोंडापासून दोनेकशे मीटरवर छत बसलं आणि ४१ जण पलीकडे राहिले. मार्ग तेव्हा कागदावरच होता. चार इंची पाइपातून हवा, चणे, चुरमुरे गेले. खिचडी जायला आठ दिवस लागले, कारण खिचडीला सहा इंची पाइप लागतो. ही बाब तुमच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरा.

बाहेर तोवर बौखनाग देवाचं छोटं देऊळ तोंडापाशी पुन्हा मांडलं गेलं. आधीचं हलवलं म्हणून देव कोपला, असं गावकरी म्हणत होते. खुलासा म्हणून हाही वाईट नाही. मग अमेरिकन ऑगर मशीन, म्हणजे गिरमिटासारखं फिरत भोक पाडणारं यंत्र आलं. सुमारे साठ मीटर ढिगाऱ्यातलं बरंचसं अंतर कापून ते लोखंडात अडकलं आणि मोडलं. त्याची पाती कापायला प्लाझ्मा कटर हैदराबादहून विमानाने आणला. उरलेले दहा-बारा मीटर दिल्लीत गटारांचे पाइप टाकणाऱ्या माणसांनी पोटावर सरपटत, हाताने, साधारण एका दिवसात खणले. सतराव्या दिवशी ४१ च्या ४१ बाहेर.

त्या माणसांचे फोन नंबर जवळ असू द्या. निविदेत मात्र लिहू नका. त्यांच्या उंदरासारखं बीळ खणायच्या पद्धतीला (रॅट-होल मायनिंग) कोळशाच्या खाणीत २०१४ पासून बंदी आहे, कारण काय, तर ती धोक्याची.