पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू, कार्गो आणि गुंगीचं औषध : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पुढे वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुम्हाला दिल्लीहून पुण्याला लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं आहे आणि ब्रीडर ते पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायला तयार आहे. मी मात्र नऊ आठवडे थांबायला सांगतो. तुमच्या मते तेवढं थांबलं की पिल्लाचं माणसांत रुळायचं वय निघून जातं, शिवाय ते केबिनच्या वजनात बसत नाही. त्यापेक्षा ब्रीडरनं ते कार्गोनं पाठवावं, निघताना थोडं गुंगीचं औषध द्यावं, दोन तासांचा तर प्रवास, आणि मी लोकांना उगाच घाबरवतो.

वजनाचा मुद्दा बरोबर आहे. आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर साधारण पाच-सहा किलोचं असतं आणि मऊ कापडी बॅग एक-दीड किलोची. विमान कंपन्या पिल्लू आणि बॅग यांचं मिळून वजन धरतात. म्हणजे नवव्या आठवड्यात काटा सात-साडेसातवर असतो, बाराव्यात दहाच्या आसपास किंवा वर. केबिनची मर्यादा कंपनीगणिक वेगळी आहे आणि गेल्या काही वर्षांत ती बदललीही आहे, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या पानावरचाच आकडा खरा माना. तेव्हा लॅब्रॅडॉरसारख्या जातीत केबिनमधून आणायची संधी आठ आठवडे पूर्ण झाल्यापासून फार तर दहाव्यापर्यंत असते, हे मान्य. पण म्हणून पंचेचाळिसावा दिवस योग्य ठरत नाही. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही पुरते नाहीत. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. विमानानं प्राणी नेण्याचे आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, नियमही आठ आठवडे पूर्ण झालेलं आणि आईचं दूध सुटलेलं पिल्लूच स्वीकारा असं सांगतात. मग पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विमानात चढतं कसं? लसीच्या कार्डावर जन्मतारीख मागे ढकलून.

हे कार्ड नीट बघा. लस दिली की डॉक्टर कुपीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. डीएचपीपीआय (डिस्टेंपर, पार्वो वगैरे आजारांची एकत्र लस) आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसची लस) एकत्र दिली असेल तर बहुधा दोन लेबलं असतात, एक भुकटीच्या कुपीचं आणि एक द्रवाच्या. लेबलावर बॅच नंबर आणि मुदत हवी, शेजारी तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. नुसता पेनानं लिहिलेला लसीचा उल्लेख आणि खाली वेडीवाकडी सही असेल तर ती लस दिलीच नाही असं धरून चाला. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजची नोंद दिसली तर आणखी सावध व्हा. रेबीजची पहिली लस बारा आठवड्यांनंतर देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं ती निकामी करू शकतात, आणि मालक मात्र लस झाली म्हणून वर्षभर निर्धास्त राहतो. काही विमान कंपन्या कागदपत्रांत रेबीजचा दाखला मागतात. नऊ आठवड्यांच्या पिल्लाकडे तो प्रामाणिकपणे असूच शकत नाही. म्हणून तिकिटाआधी ईमेलनं विचारा की वय बारा आठवड्यांपेक्षा कमी असल्यानं रेबीजची लस झालेली नाही, असं डॉक्टरांनी प्रमाणपत्रात लिहिलेलं चालेल का. फोनवरचं ‘चालेल हो’ काउंटरवर उपयोगी पडत नाही. उत्तराची छापील प्रत सोबत ठेवा.

आता माणसांत रुळण्याचं वय. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी फार महत्त्वाचा, हे तुम्ही म्हणता ते खरंच. पण त्या काळाचा पहिला भाग आई आणि भावंडांच्या हाती असतो. खेळताना भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ थांबतो. चावायचा जोर आवरायला पिल्लू तिथंच शिकतं. इटलीत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४० दिवसांत आई-भावंडांपासून काढलेल्या कुत्र्यांची दोन महिन्यांनी काढलेल्यांशी तुलना केली होती. लवकर काढलेल्यांमध्ये भित्रेपणा, सतत भुंकणं, वस्तू फोडणं, खाण्यावरून गुरगुरणं या तक्रारी जास्त निघाल्या. नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं तरी तुमच्या हातात तीन ते पाच आठवडे उरतात, आणि ते पुरतात. शिवाय आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास पिल्लं सहज घाबरतात आणि तेव्हा बसलेली भीती टिकू शकते. म्हणूनच त्या वयात त्याला एकटं पिंजऱ्यात घालून सामानाच्या कप्प्यात पाठवणं मला पटत नाही.

कार्गोबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. सामानाच्या कप्प्यात हवा नसते, प्राणी गुदमरतो, हे चूक. तिथला हवेचा दाब केबिनइतकाच असतो, म्हणजे सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखा. मात्र लहान विमानांत त्या कप्प्याला गरम हवा आणि वायुवीजनाची सोय असतेच असं नाही, ती विमान घेताना निवडायची बाब आहे. म्हणून त्या दिवशी कुठलं विमान लागणार यावर कंपनीचा होकार अवलंबून असतो, आणि ऐनवेळी विमान बदललं तर पिल्लू मागे राहतं. खरा धोका जमिनीवर आहे. पिंजरा तीन-चार तास आधी जमा होतो, मग ट्रॉलीवरून विमानापर्यंत, उशीर झाला तर तिथंच उन्हात, आणि उतरल्यावर कागद होईपर्यंत पुन्हा थांबणं. दिल्ली–पुणे उड्डाण दोन तासांचं असलं तरी घर ते घर दहा-बारा तास सहज होतात. मे महिन्यात दिल्लीत दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, आणि कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींना तेही धड जमत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या आकडेवारीत मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत विमानप्रवासात १२२ कुत्री दगावली, त्यांतली २५ इंग्लिश बुलडॉग आणि ११ पग होती. या जाती सामानाच्या कप्प्यातून आणूच नका.

एकट्यानं पाठवण्यात फसवणूकही चालते. आधी पिल्लाचे पैसे घेतात, मग ‘एसी पिंजऱ्याचे’, मग ‘विम्याचे, परत मिळतील’ असे पैसे मागत राहतात. पिल्लू मुळात नसतंच. खऱ्या एअर वेबिलचा, म्हणजे कार्गोच्या पावतीचा, क्रमांक अकरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८. तो क्रमांक कंपनीच्याच कार्गो पानावर टाकून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

गुंगीच्या औषधाला माझा ठाम विरोध आहे. असिप्रोमाझिनसारख्या गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते आणि विमान हललं की प्राण्याला पाय रोवून तोल सावरता येत नाही. आयाटा आणि अमेरिकन पशुवैद्यक संघटना दोघंही विमानप्रवासासाठी ते टाळायला सांगतात. गुंगीत दिसणारं जनावर काउंटरवर नाकारलंही जातं. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. विशेषतः लहान चणीच्या जातींत चार-पाच तास पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, लटपटतं, हिरड्या फिकट आणि गार लागतात, पुढे झटके येतात. औषध दिलेलं असेल तर हे मलूलपण औषधाचं की साखर उतरल्याचं हे ओळखता येत नाही, आणि उपचाराची वेळ हातची जाते.

म्हणून माझा सल्ला तोच राहतो : स्वतः जा आणि केबिनमधून आणा. सध्या देशांतर्गत विमानांत एअर इंडिया आणि आकासा केबिनमध्ये पाळीव प्राणी नेऊ देतात, इंडिगो नेत नाही. एका विमानात ठरावीकच प्राणी घेतात, त्यामुळे पिल्लासाठी जागा आहे का हे आधी विचारा आणि मगच स्वतःचं तिकीट काढा. उन्हाळ्यात पहाटेचं विमान घ्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीतून दुपारचं, कारण पहाटे धुक्यानं उड्डाणं लांबतात. प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र किती दिवस आधीचं चालतं हे कंपनीला विचारून घ्या. ते पिल्लाला प्रत्यक्ष तपासूनच दिलेलं असावं.

बॅग चार-पाच दिवस आधी ब्रीडरकडे पोहोचवा आणि पिल्लं खेळतात तिथं उघडी ठेवायला सांगा. आईच्या अंथरुणातला फडक्याचा तुकडा आत घाला. तळाला शू-पॅडचे तीन थर एकावर एक पसरा, म्हणजे वरचा भिजला की कडा आत दुमडून गुंडाळून काढता येतो. पिशवीत आणखी तीन-चार पॅड, ओले टिश्यू, झिपच्या पिशव्या, पाण्याची छोटी बाटली, ग्लुकोजची पूड. पोटभर खाणं निघायच्या तीन-चार तास आधी. नंतर दर दोन तासांनी भिजवलेल्या खाण्याचा चमचाभर घास आणि दोन-चार घोट पाणी. वर सांगितलेली लक्षणं दिसली तर ग्लुकोज पाण्यात कालवून बोटानं हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

विमानतळावर अडीच-तीन तास आधी पोहोचा, पिल्लासोबत वेब चेक-इन होत नाही. काउंटरवर वजन, शुल्क आणि हमीपत्र होतं. सुरक्षा तपासणीत रिकामी बॅग एक्स-रेमधून जाते आणि पिल्लू हातात घेऊन तुम्हाला चौकटीतून जावं लागतं. बॅगेची चेन उघडण्याआधी अंगातल्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोरी लावलेली हवी. गळपट्ट्यातून घाबरलेलं पिल्लू मान मागे खेचून निसटतं. पिल्लाला विमानतळाच्या फरशीवर ठेवायचंच नाही. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि आईची प्रतिपिंडं असताना सहाव्या आठवड्यात दिलेली लस अनेकदा लागू पडत नाही, त्यामुळे दोन डोस झालेल्या पिल्लालाही पूर्ण संरक्षण नसतं. विमान उतरायला लागलं की, म्हणजे शेवटचा अर्धा तास, पिल्लाला जागं करून बॅगेच्या फटीतून थोडं थोडं चाटायला द्या. गिळण्यानं कानातला दाब सुटतो, झोपलेलं पिल्लू कमी गिळतं.

घरी आल्यावर अंघोळ नको, पाहुणे नकोत, ब्रीडरचंच खाणं किमान आठवडाभर चालू ठेवा. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पार्वोची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, म्हणून घरी आल्यावर चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताळ जुलाब सुरू झाले तर प्रवासाचा ताण म्हणून वाट बघू नका. शौचाची किट-चाचणी दवाखान्यात काही मिनिटांत होते.

दहा आठवडे उलटून पिल्लू वजनात बसेनासं झालं तर पंचेचाळीस दिवसांवर मागे जाण्यापेक्षा रेल्वेचा एसी फर्स्टचा कूपे बघा. दोन बर्थ आहेत, दोघांनी जा, कूपे पूर्ण तुमच्या नावावर असला की कुत्रं सोबत नेता येतं. मात्र कूपे मिळाला की चार बर्थची केबिन हे चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणून तिकीट काढल्यावर लगेच आरक्षण कार्यालयात कूपेसाठी लेखी अर्ज द्या आणि गाडी सुटण्याआधी पार्सल कार्यालयात कुत्र्याची नोंद करून पावती घ्या.