समुद्र दिसतो का?

निवृत्तीनंतर समुद्राकाठी घर घ्यायचं असं आमचं ठरलं, तेव्हा आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी बघत होतो. निवृत्तीला अजून बारा वर्षं होती. त्या बारा वर्षांत बायकोच्या बाकीच्या इच्छा महागाईप्रमाणे आखडत गेल्या, ही एक मात्र वाढत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. हॉलमधून दिसून चालणार नाही. "हॉलमध्ये तुम्ही बसणार. मी कुठे असणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किनारा दक्षिण कोकणचा, हेही ठरलेलं. वर विजयदुर्ग, खाली तेरेखोलची खाडी, मधला सगळा सिंधुदुर्ग. तेरेखोल ओलांडलं की गोवा. पण गोव्यात घर घेतलं तर पाहुणे परत जात नाहीत, असं मेव्हण्याने सांगितलं. तो स्वतः गेला नसता, त्यामुळे आम्ही विश्वास ठेवला.

निघालो ते मे महिन्यात. 'येवा, कोकण आपलाच आसा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते वाचून आपल्याला उगाचच मालक झाल्यासारखं वाटतं. पहिल्या एजंटाने गाडीतून उतरताच वर बोट दाखवून सांगितलं, "ऊन बघा साहेब, काय स्वच्छ ऊन आहे!" मी बघितलं. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, त्यामुळे नीट दिसलं नाही. या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो, हे तो बोलला नाही. पडवीच्या कोपऱ्यात नारळाच्या झापा रचून ठेवल्या होत्या. त्या झड अडवायला, हे मला मागाहून कळलं. तेव्हा वाटलं, शोभेला असतील.

एजंट बदलत गेले, पण चिपीचा विमानतळ सगळ्यांच्या बोलण्यात सारखाच 20 मिनिटांवर राहिला. विमानतळ 2021च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तेव्हापासून तो बहुधा ज्याला घर विकायचंय त्याच्या मागोमाग फिरत असावा. देवगडहून 20 मिनिटं, शिरोड्याहूनही 20 मिनिटं.

देवगडला कातळावरचा एक प्लॉट दाखवला. समोर समुद्र असा पसरलेला, की बायको बोलेचना. वारा मात्र इतका, की माझी टोपी गेली, मग फाईलमधले कागद गेले, आणि एजंट काय बोलतोय तेही गेलं. त्या गावात पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरून आम्ही काय ते समजायला हवं होतं. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "बोअर मारायची. लागलं तर लागलं." हापूसची झाडं आहेत का, हे विचारायचं राहूनच गेलं. आम्ही टोपीमागे धावत होतो.

देवबाग बघितलं आणि बायकोने मनातल्या मनात सामान लावायला सुरुवात केली. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं. "म्हणजे ओट्यासमोर समुद्र आणि भांडी घासायच्या जागेसमोर खाडी!" आमच्याकडे भांडी मी घासतो, तेव्हा खाडी माझी होती. शेजारी एक म्हातारबाबा जाळं विणत बसले होते. त्यांना म्हटलं, दोन्हीकडे पाणी, काय सुंदर जागा! त्यांनी मान वर केली नाही. "पावसात ह्या पाणी त्या पाण्याक भेटाक बघता. मदी आमी."

किनाऱ्याला रचलेले बंधाऱ्याचे धोंडे मला तेव्हा दिसले. तोवर मला ते बसायला ठेवलेत असं वाटत होतं.

वेंगुर्ल्याजवळ शेवटी हवी तशी जागा मिळाली. गेट उघडलं की वाळू. मी मात्र तोवर नियम वाचलेला. कमी वस्तीच्या अशा गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. पुढे 500 मीटरपर्यंत घरं बांधायची मुभा आहे, पण ती परंपरेने तिथे राहणाऱ्या स्थानिक लोकांसाठी. मी पावलं मोजत निघालो. दोनशेव्या मीटरला एक फणस होता, पाचशेव्याला दुसऱ्याच कुणाची तरी गोठ्याची भिंत. मागून हाक आली, "अहो, तिथून समुद्र दिसतो का?" मी म्हशीला बाजूला सारून बघितलं. नाही म्हटलं तर चालेल असा दिसत होता.

एजंट म्हणाला, "इथे बघायला कोण येतंय साहेब?" मी त्याला नमस्कार केला आणि गाडीत बसलो. तीस वर्षं बँकेत काढली आहेत. हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांची पुढे काय कर्जं झाली, ते मला पाठ आहे.

शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. तिथला एक फ्लॅट बघताना, मिठासाठी इथे सत्याग्रह का करावा लागला, असा मला प्रश्न पडला. मीठ वाऱ्यानेच येतं. दोन वर्षांचा गॅलरीचा कठडा मी बोटाने दाबला आणि तो हातात आला. मी तो हळूच परत जागेवर टेकवून ठेवला.

पण खरी मजा सातबाऱ्यात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून एक कागद, एवढंच मला ठाऊक होतं. आम्हाला आवडलेल्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं निघाली. अकरा गुंठे म्हणजे बारा हजार चौरस फुटांच्या आत. माणशी हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला आमच्या पुण्याच्या हॉलएवढी जागा येत होती. सदतिसांपैकी निम्मे मुंबईत, दोघं मस्कतला, काही देवाघरी आणि त्यांचे वारस दाखल व्हायचे बाकी. "एक काकी तेवढी सही करत नाही," एजंट म्हणाला. का? तर वीस वर्षांपूर्वी फणसावरून भांडण झालं होतं. बरं, इतर हक्कात कुळाचं नाव. कूळकायदा 1948चा, कूळ कधीच वारलेलं, पण त्याचा नातू हजर होता आणि त्याने आम्हाला फार प्रेमाने कोकम सरबत पाजलं. कुणीच वाईट माणूस भेटला नाही, हीच खरी अडचण होती. कोकण आपलाच आसा, खरंय. पण आपल्यासारखे आधीचे सदतीस आसत.

त्यात जमीन वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, पण कागदावर शेतीचीच, आणि शेतजमीन घ्यायला मी शेतकरी असायला हवा. माझ्या आजोबांनी वडिलांच्या शिक्षणासाठी शेवटचा तुकडा विकला. "माझ्या पोरांना मातीत हात घालायला लागू नयेत," असं ते म्हणाले होते. त्यांचा शब्द तलाठी ऑफिसने तंतोतंत पाळला.

शेवटी आचऱ्याला एक घर मिळालं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, समोर सारवलेलं खळं, मागे विहीर. घर गावठाणातलं, तेव्हा माझ्या बिगरशेतकरीपणाला माफी. मालक एकटेच, सातबाऱ्यावरच्या जत्रेतून आल्यावर ते मला देवमाणूस वाटले. घराची पाठ समुद्राकडे, मधे टेकाड आणि माड. वाडीतली सगळीच जुनी घरं अशी बसलेली. बायकोने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बाहेर केळी.

"समुद्र दिसतो का हो कुठून?"

"दिसाक नाय, वयनीनू. ऐकाक येता."

आम्ही तिघं गप्प राहिलो. खरंच येत होता. मी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच टाकी बघितल्यासारखा नव्हता. मी चेकबुक आणलंय का ते खिशात चाचपलं.

"आनी एक सांगूचा ऱ्हवला," मालक म्हणाले. "गावपळण आसता."

दर चार-पाच वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरात कुणी थांबायचं नाही. बाहेर झोपड्या घालायच्या, तिथेच रांधायचं, कौल घेऊनच परत यायचं.

मी मटकन खळ्यात बसलो. सगळा किनारा पालथा घालून कसंबसं एक घर सापडलं होतं, आणि आता घराबाहेर राहायला जागा शोधायची होती. बायको मात्र पुढे सरसावली.

"वेशीबाहेर म्हणजे नक्की कुठे? तिथून समुद्र दिसतो का?"