सैतानाला कशाला श्रेय देता?

माझी भाची गिटार शिकते. तिच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरून एक फॉरवर्ड आमच्या ताईपर्यंत आला आणि ताईचा मला फोन: "हिला पण ते ब्लूज की काय तेच शिकवतात ना गं? बंद करू का क्लास?" मेसेज आधीही दोनदा माझ्याकडे आला होता, सोडून दिला होता. आता क्लास बंद करण्यापर्यंत मजल गेली म्हटल्यावर बसून लिहिणं आलं.

मेसेज आहे ब्लूजबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्या-वाजवण्याबद्दल. थोडक्यात असा. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात रॉबर्ट जॉन्सन नावाचा काळा मुलगा होता. गिटार धड वाजवता येत नव्हती. एका मध्यरात्री तो चार रस्ते मिळतात तिथे गेला. एका धिप्पाड माणसाने त्याची गिटार सुरात लावून दिली आणि बदल्यात आत्मा घेतला. वर्षभरात पोरगा सगळ्यांना भारी पडला. सैतानाने पहिला हप्ता म्हणून बायको आणि बाळ नेलं, सत्ताविसाव्या वर्षी बाकी वसूल केली. पुरावा म्हणजे त्याचीच गाणी. तात्पर्य, मुलांना असलं संगीत ऐकवू नका.

आधी त्या हप्त्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चीड त्याची आली. रॉबर्टचं लग्न फेब्रुवारी १९२९ मध्ये व्हर्जिनिया ट्रॅव्हिसशी झालं. एप्रिल १९३० मध्ये बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. रॉबर्ट तेव्हा १८ वर्षांचा होता, ती त्याच्याहून लहान. आणि ज्या 'गायब' झालेल्या काळात (त्याबद्दल पुढे येतंच) हा सैतानी सौदा झाला म्हणतात, तो काळ या मृत्यूनंतरचा आहे. म्हणजे कर्ज घ्यायच्या आधीच हप्ता कापला! एवढी साधी तारीख लिहिणाऱ्याने पाहिली नाही. पण तारखेपेक्षा वाईट गोष्ट दुसरी आहे. १९३० सालच्या मिसिसिपीत, दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवणाऱ्या काळ्या घरातली कोवळी मुलगी बाळंतपणात दगावते, याला सैतान लागत नाही. गरिबी पुरते, आणि वेळेला न मिळणारा डॉक्टर पुरतो. व्हर्जिनियाच्या नातेवाइकांनी मात्र दोष रॉबर्टला दिला: देवाची गाणी सोडून नाचगाण्याच्या मागे लागला, त्याची ही शिक्षा. चर्चला जाणारी त्या भागातली बरीच माणसं ब्लूजला सैतानाचंच संगीत म्हणत. म्हणजे हे बोलणं तेव्हाही होतं. पण ते दुःखातल्या माणसांचं बोलणं होतं. नव्वदेक वर्षांनी आपण त्यावर भुताचे इमोजी लावून पुढे ढकलतो.

आता 'वर्षभरात'. ही गोष्ट मुळात सन हाउस या थोर ब्लूज गायकाच्या आठवणीतून येते. हाउस आणि त्याचा जोडीदार विली ब्राउन मिसिसिपीतल्याच रॉबिन्सनव्हिलच्या आसपास शनिवारच्या नाचांना वाजवायचे. ते दम खायला थांबले की हा पोरगा त्यांची गिटार उचलून असं काही बडवायचा की लोक तक्रार करत. मग तो निघून गेला आणि परतला तो ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं असा होऊन. एवढं हाउसने सांगितलं आहे. मधल्या काळात काय झालं हे ब्रूस कॉनफर्थ आणि गेल डीन वॉर्डलो या दोघांनी २०१९ साली आलेल्या चरित्रात कागदपत्रं आणि मुलाखतींनिशी मांडलं आहे. ताई, फॉरवर्डपेक्षा ते वाच.

रॉबर्ट गेला होता हेझलहर्स्टकडे. १९११ साली जन्मला ते गाव. तिथे त्याला आइक झिमरमन नावाचा गिटारवादक भेटला. झिमरमनने त्याला घरी ठेवून घेतलं आणि शिकवलं. त्याच्या मुलीने ही हकिगत कॉनफर्थला सांगितली आहे. गुरुजी आणि चेला रात्री दफनभूमीत जात आणि थडग्यांवर बसून वाजवत. घ्या, मध्यरात्रही सापडली आणि थडगीही! कारण इतकंच की तिथे शांतता होती आणि कोणाची झोपमोड होत नव्हती. वन रूम किचनमध्ये ज्याच्या घरात कोणी तबला शिकलंय, त्याला यात गूढ काहीच वाटणार नाही.

शिवाय तो कोराही नव्हता. लहानपणी काही वर्षं मेम्फिससारख्या शहरात राहिला, शाळेत गेला, सावत्र भावाकडून गिटारची पहिली ओळख झाली. नंतर माउथऑर्गन वाजवायचा, घराच्या भिंतीवर तार ठोकून ती छेडायचा. आणि मुख्य म्हणजे आपण आज जे ऐकून थक्क होतो ते १९३१ चं नाहीच. त्याची रेकॉर्डिंग झाली नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलसला. एकूण २९ गाणी. मधली पाच-सहा वर्षं तो गावोगाव, रस्त्याच्या कोपऱ्यावर आणि दारूच्या गुत्त्यांत वाजवत फिरत होता. आत्मा विकलेल्या माणसाला एवढी पायपीट कशाला?

मेसेजमध्ये एक वाक्य असंही आहे की रेकॉर्डवर दोन गिटार ऐकू येतात आणि दुसरी 'त्याची', म्हणजे सैतानाची, आहे. दुसरी गिटार अंगठ्याची आहे. पियानोवाला डाव्या हाताने जो डुलता खर्ज धरतो, तो जॉन्सनने अंगठ्याने खालच्या तारांवर धरला आणि वरच्या तारांवर बोटांनी, कधी स्लाइडने (तारांवरून घसरवायच्या नळीने), गाण्याला उत्तरं दिली. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा कीथ रिचर्ड्ससारखा गिटारवादकही पहिल्यांदा ऐकताना याच्यासोबत दुसरा कोण वाजवतोय असं विचारून बसला होता. तेव्हा फसण्यात लाज नाही. पण फसल्यावर रिचर्ड्सने सैतानाचं नाव घेतलं नाही. माझी भाची सध्या हाच अंगठा वेगळा चालवायला शिकते आहे आणि रोज रडकुंडीला येते.

ऐकणंही त्याचं दांडगं होतं. स्किप जेम्स, कोकोमो आर्नल्ड, लिरॉय कार या ब्लूज गायकांच्या तबकड्यांतल्या चाली आणि ओळी त्याच्या गाण्यांत सरळ ओळखू येतात. कुठे चाल उचलली आणि कुठे ती बदलून स्वतःची केली हे अभ्यासकांनी गाणं-गाणं घेऊन दाखवलं आहे.

राहिला गाण्यांचा पुरावा. चौरस्त्यावरचं त्याचं प्रसिद्ध गाणं म्हणजे 'क्रॉस रोड ब्लूज'. ज्याने मेसेज फॉरवर्ड केला त्याने ते ऐकलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. त्यात सैतान नाही. माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. गाडी थांबवायला हात करतो, कोणी थांबत नाही, सूर्य बुडायला आलाय. त्या काळी त्या मुलखात अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटा सापडलेला काळा माणूस कशाला घाबरत असेल ते वेगळं सांगायला नको, आणि ती भीती शिंगं-शेपटीवाल्याची नव्हती. गाण्यात नाव घेऊन एकाच माणसाला निरोप धाडलाय: विली ब्राउनला. तोच, सन हाउसचा जोडीदार, ज्याच्याकडून रॉबर्ट सुरुवातीला शिकला.

मान्य करायचं तेवढं करते. सैतान आणि नरकाचे कुत्रे त्याच्या दुसऱ्या गाण्यांत आहेत, त्याने ते मुद्दाम आणले आहेत. त्या वेळी ते खपायचंही. पीटी व्हीटस्ट्रॉ नावाचा गायक तर स्वतःला सैतानाचा जावई म्हणवून घ्यायचा. चौरस्त्यावर जाऊन कला मागण्याची लोककथाही तिथल्या काळ्या समाजात खरोखर होती. आपल्याकडे तिठ्यावर उतारा ठेवतात, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. पण ती गोष्ट स्वतःबद्दल सांगणारा जॉन्सन दुसरा, टॉमी जॉन्सन. याचा नातेवाईकही नव्हे. टॉमीची ती कथा त्याच्या भावाने, लेडेलने, संशोधक डेव्हिड इव्हान्सला सांगितली. रॉबर्टच्या बाबतीत सन हाउसच्या तोंडी आत्मा विकल्याचं वाक्य छापून आलं ते १९६६ साली, रॉबर्ट जाऊन २८ वर्षं झाल्यावर. पुढे आडनाव एकच असल्याने दोघांची सरमिसळ झाली आणि पर्यटनवाल्यांचं फावलं.

मृत्यू: १६ ऑगस्ट १९३८, ग्रीनवुडजवळ. वॉर्डलोने १९६८ साली मृत्यूचा दाखला शोधून काढला. कारणाच्या जागी लिहिलंय, डॉक्टर नव्हता. कोणी म्हणतं मत्सरी नवऱ्याने दारूत विष घातलं, कोणी म्हणतं आजार. दोन्ही माणसांच्याच जगातली कारणं. आणि ते '२७ चा शाप' प्रकरण २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकडेवारीनिशी तपासलं गेलंय: प्रसिद्ध वादक-गायक २७ व्या वर्षी जास्त मरतात असं काही आढळलं नाही. पुढे.

शेवटचा उपदेश, मुलांना या संगीतापासून लांब ठेवा. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. रॉबर्टला क्लॉड नावाचा मुलगा होता, १९३१ साली जन्मलेला. त्याला आजी-आजोबांनी वाढवलं, दोघंही धार्मिक. एकदा रॉबर्ट मुलाला बघायला आला, तर त्यांनी सांगितलं की हा सैतानाचं काम करतो, आणि पोराला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाप अंगणात, मुलगा दारात. क्लॉडने पुढे सांगितलं की बापाच्या याहून जवळ तो कधी गेला नाही. क्लॉड मोठा होऊन खडीचा ट्रक चालवू लागला. तोच रॉबर्टचा मुलगा आणि वारस आहे हे मान्य करून घ्यायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं २००० साली, क्लॉड साठीच्या पुढे गेल्यावर.

ताई, क्लास चालू ठेव.