चाळीसला हसणाऱ्यांनो, आधी रुळांचं विचारा

काल फॅमिली ग्रुपवर ते मीम परत आलं. दर उन्हाळ्यात येतं. लाल डगला आणि डोक्यावर ती अस्वलाच्या केसांची टोपी घातलेला लंडनचा शिपाई घामाने निथळतोय, खाली लिहिलंय, 'चाळीसला गार? भुसावळला या, गरम चहा पाजतो.' सतरा जणांनी हसून लोळणारी तोंडं टाकली. २०२२च्या जुलैत लंडनचा पारा चाळीस डिग्रीकडे निघाला होता, तेव्हा मीसुद्धा टाकलं होतं. १९ जुलैच्या दुपारी दोनपर्यंत टाकत होते, खरं सांगायचं तर. त्यानंतर नाही.

मी भुसावळची. गेली कित्येक वर्षं लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या पोटाखाली राहते. उन्हाचं कौतुक मला कुणी सांगू नये. कूलरच्या टाकीत बादल्या ओतायची पाळी, वाळ्याच्या ताट्या, शाळेच्या दप्तरात आईने कोंबलेला कांदा, सगळं करून झालंय. त्यामुळे १५ जुलैला इथल्या हवामान खात्याने उष्णतेसाठी रेड वॉर्निंग दिली (अशी वॉर्निंग देशात पहिल्यांदाच दिली गेली), तेव्हा मी ऑफिसात जरा तोऱ्यातच होते. सगळे मला विचारत होते, तुमच्याकडे काय करतात? मी पन्ह्याची कृती सांगत होते. कैरी कुठे मिळेल हे कुणी विचारलं नाही, बरं झालं.

मग १९ तारीख आली. आम्ही तेव्हा एका जुन्या विटांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो, छपराखालच्या खोलीत. ही घरं बांधली आहेत थंडीशी भांडायला. भिंतीत, छपरात ऊब कोंडून ठेवायची सगळी सोय. पंखा लावायला छताला हूक नाही, एसी तर इथे फार थोड्या घरांत. जुलैत सूर्य पहाटे पाचला उगवतो तो रात्री नऊ वाजून गेले तरी असतो. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यापेक्षा तीनेक तास जास्त ऊन, आणि ते झिरपून जाणार कुठे? रात्री अकरा वाजता मी भिंतीला हात लावला तर तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी जशी लागते तशी लागली. मेणबत्ती शोकेसमध्ये कंबरेतून वाकली होती. दुकानात पंखे संपले होते. मी ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर झोपायला गेले, तर फरशी कुठाय? गालिचा! भिंतीपासून भिंतीपर्यंत.

भुसावळला ४५ डिग्रीत मी असं कधी हरले नव्हते.

त्या दिवशी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथे पारा ४०.३ला गेला. आमच्या हीथ्रोला ४०.२. हे आकडे गाडीच्या डॅशबोर्डवरचे नाहीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या तापमापकाचे. खात्याने ते तपासून मगच पक्के केले. स्कॉटलंडमधला ३५.१चा एक आकडा तर तपासणीत बाद केला आणि चार्टरहॉलचा ३४.८ ठेवला. तोही तिथला विक्रमच. वेल्सचा विक्रम आदल्याच दिवशी मोडला होता, हॉर्डन इथे ३७.१.

आता मीमवाल्यांसाठी. तुम्ही चाळीस बघता, मी त्याच्या आधीची ओळ बघते. या देशातला सगळ्यात गरम दिवस कित्येक वर्षं होता १९११च्या ऑगस्टमधला ३६.७. तो मोडायला १९९० उजाडलं, चेल्टनहॅमला ३७.१. एकोणऐंशी वर्षांत ०.४ची वाढ. मग २००३ला फेव्हरशॅमला ३८.५. मग २०१९ला केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात ३८.७. आणि मग तीनच वर्षांनी एकदम ४०.३. विक्रम मोडतात ते केसभराने मोडतात. हा दीड डिग्रीहून जास्त फरकाने मोडला, आणि तोही एकाच ठिकाणी नाही. देशभरातल्या चाळीसहून जास्त केंद्रांनी त्या एका दिवसात जुना राष्ट्रीय विक्रम गाठला किंवा ओलांडला. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला की माणसाने हवा तापवली नसती तर अशी लाट येण्याची शक्यता किमान दहा पट कमी असती. 'उन्हाळा आहे, गरम होणारच' म्हणणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे दहा वेळा सांगितलंय. तो अंगठा टाकतो.

अख्ख्या ग्रुपमध्ये त्या दिवशी न हसलेला एकच माणूस होता, अण्णा. माझे वडील रेल्वेत परमनंट वेला, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात होते, सगळी नोकरी भुसावळ विभागात रुळांवर काढली. त्यांचा संध्याकाळी फोन आला. तब्येत वगैरे काही नाही, थेट विचारलं, "तिकडे रूळ कितीला ताणलेत गं?"

मला काय माहीत! मी शोधलं. २७ डिग्री. म्हणजे रुळाचं स्वतःचं तापमान २७ असताना त्यात ताणही नाही आणि दाबही नाही, असा तो बसवलेला असतो. आपल्याकडे हा आकडा बराच वर धरतात. उन्हात रूळ हवेपेक्षा वीस डिग्रीपर्यंत जास्त तापतो. अण्णांनी फोनवरच बेरीज केली आणि गप्प झाले. मग म्हणाले, "बकलिंग होणार, रूळ फुलून वाकणार. गाड्या बंद ठेवल्या असतील तर शहाणे आहेत." ठेवल्याच होत्या. लंडनहून उत्तरेला यॉर्क-लीड्सकडे जाणारी मुख्य लाइन त्या दिवशी बंद होती. बाकी ठिकाणी लोकांना सांगितलं होतं, अगदी गरज असेल तरच प्रवास करा. त्यावर पेपरांत टिंगल झाली, की बघा, यांच्या गाड्या पानं पडली तरी थांबतात आणि ऊन पडलं तरी थांबतात. अण्णांना ती टिंगल अजिबात आवडली नाही. एप्रिल-मे आला की ऐन दुपारी हॉट वेदर पेट्रोलिंगला गँगमन पाठवणारा माणूस तो. चाळीस हा आकडा त्यांना एकट्याने कधी दिसतच नाही, तो कशावर पडतोय ते आधी दिसतं.

बाकी ठिकाणीही असंच. ल्यूटनच्या विमानतळावर धावपट्टीचा एक तुकडा वर आला आणि विमानं थांबली. हॅमरस्मिथच्या जुन्या पुलाच्या साखळ्या तापू नयेत म्हणून त्यांना चंदेरी फॉइल गुंडाळलं, पोळ्यांना गुंडाळतो तसंच. आणि लंडनच्या पूर्व टोकाला वेनिंग्टन नावाच्या गावात वाळलेल्या गवताला आग लागून घरांची रांगच्या रांग गेली. त्या एका दिवसात लंडनच्या अग्निशमन दलाला अडीच हजारांहून जास्त फोन आले. एरवी साडेतीनशेच्या आसपास येतात. दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात धावपळीचा दिवस, असं महापौरांनीच सांगितलं.

आमच्या समोर तेव्हा एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. दुपारी बघते तर यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. इथल्या लोकांचं डोकं असंच चालतं, गरम झालं की खिडकी उघड. कारण एरवी बाहेर गारच असतं ना! मी धावत गेले आणि म्हटलं, आजी, बंद करा, पडदे ओढा, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम आहे, सूर्य गेला की उघडा. त्यांनी माझ्याकडे मी घराला आग लावायला सांगतेय अशा नजरेने बघितलं. पण केलं. ओला टॉवेल मानेवर ठेवून दिला तर म्हणाल्या, हे काही नाही, शहात्तर साली याहून वाईट होतं.

इथली साठीच्या पुढची सगळी माणसं हे म्हणतात. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ, तसं यांचं १९७६. आणि ते साल वाईट होतंच. पंधरा दिवस सलग इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ पार. शेवटी सरकारने एक दुष्काळमंत्री नेमला आणि काही दिवसांत पाऊस सुरू झाला. (हा उपाय मराठवाड्यात करून बघायला हरकत नाही.) पण त्या उन्हाळ्याचा सगळ्यात वरचा आकडा होता ३५.९. मी तो फोनवर काढून आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "मग त्या वेळी मी तरुण होते, म्हणून असेल." म्हणजे काय, मला अजून नीट कळलेलं नाही.

त्यांच्या हिरवळीत एक पाऊसमापक नळी खोचलेली होती. हिरवळ कसली, तोवर चहा गाळून उरलेल्या चोथ्याच्या रंगाची झाली होती. त्या जुलैत इंग्लंडमध्ये १९३५नंतरचा सगळ्यात कमी जुलैचा पाऊस झाला. आमच्या आग्नेय भागात तर नोंदी सुरू झाल्यापासूनचा, म्हणजे १८३६पासूनचा.

हे १८३६ साल वाचून मी जरा ताठ बसले, कारण त्यात माझं बोटभर काम आहे. पूर्वी पावसाच्या नोंदींची ही मालिका १८६२पासून होती. त्याआधीच्या नोंदी हाताने लिहिलेल्या पानांवर पडून होत्या. पाद्री, बागवान, शाळामास्तर यांनी महिन्यामहिन्याला भरलेले तक्ते. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा रीडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली की घरी बसलाच आहात तर हे आकडे टाइप करून द्या. सोळा हजार लोकांनी सोळा दिवसांत ६५ हजारांवर पानं संपवली. त्यातली चाळीसेक माझी. एका पानावर कुणीतरी समासात लिहिलं होतं की नळी गाईने पाडली, म्हणून या महिन्याचा आकडा नाही. खोटा आकडा भरला असता तर कुणाला कळणार होतं? नाही भरला. त्याच्या त्या रिकाम्या चौकोनाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि म्हणूनच आपल्या 'आम्हाला सवय आहे'चा मला राग येतो. इंग्लंडने त्या उन्हाळ्यातल्या पाच लाटांचा हिशेब दिला. कोविड वगळून, ६५च्या पुढची २,८०३ माणसं नेहमीपेक्षा जास्त गेली. आपल्याकडे दुपारी अंगणात कोसळलेल्या म्हाताऱ्याच्या कागदावर हार्ट अटॅक लिहितात आणि ते ऊन हिशेबात येतच नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले. त्या दिवशी तिथे भुसावळचे ४५ नव्हते, ३८च्या आसपास होते. सवय होती ना?

आणि आमच्या भुसावळातसुद्धा धाब्याची घरं पाडून स्लॅबचे फ्लॅट झालेत. अण्णांच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात रात्री भिंतीला हात लावून बघा. लंडनच्या माझ्या खोलीसारखीच लागते.

आजी त्या ३१ जुलैला संध्याकाळी नळी घेऊन दारात आल्या. आत पाणी नव्हतं, एक कोळी जाळं विणून निवांत बसला होता. त्यांनी वहीत शून्याच्या जवळचा कसलातरी आकडा लिहिला, आणि पुढे 'कोळी १' असंही.

काल त्या मीमखाली मी काही लिहिलं नाही. अण्णांनी लिहिलं. ते ग्रुपवर सहसा लिहीत नाहीत. एका बोटाने टाइप करायला त्यांना दहा मिनिटं लागली असतील. 'तिकडे रूळ २७ ला ताणलेले असतात.' एवढंच. त्यावर चुलतभावाचा अंगठा आला आणि लगेच कुणाचातरी शुभ रात्रीचा गुलाब.