रिव्हरवर आलेल्या सत्तीचा दोष कुणाचा?

भाच्याने गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला मला एक फॉरवर्ड पाठवला. खाली त्याचं एकच वाक्य होतं: "मामा, तू नेहमी गणित सांगायचास ना, आता हे वाच." फॉरवर्ड मी आधी दोनदा पाहिला होता, एकदा ऑफिसच्या ग्रुपवर आणि एकदा जुन्या पोकरच्या मित्रांकडे. दोन्ही वेळा दुर्लक्ष केलं. या वेळी करता येईना, कारण फॉरवर्डच्या शेवटी एक लिंक आहे आणि भाच्याने ती उघडली आहे.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कच्चा खेळाडू कोण हे ऑनलाइन पोकरच्या ॲपला कळतं आणि तो टिकून राहावा म्हणून शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे रिव्हरवर, त्याला जिंकवलं जातं. म्हणूनच ऑनलाइन खेळात एक्क्यांची जोडी, म्हणजे सगळ्यात भारी जोडी, इतकी हरते. मोठ्या स्पर्धा अडाणी लोक जिंकतात, हा त्याचा पुरावा. अमेरिकेत तर 'मनीमेकर' नावाचा माणूसच उभा केला होता. खात्यातून पैसे काढले की पत्ते बिघडतात. परदेशात हे सगळं सिद्ध झालंय. आणि शेवटी सल्ला: चांगल्या पत्त्यांवर तीनदा हरलात की चौथ्यांदा सिस्टीमला तुम्हाला द्यावंच लागतं, तेव्हा डाव मोठा लावा, आणि तो या खासगी क्लबात लावा, इथे घोळ नाही.

कंपन्यांची वकिली मला करायची नाही. नोकरी सांभाळून मी सहा वर्षं रात्रीच्या टूर्नामेंट खेळलो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तोपर्यंत. खेळ बंद झाल्याचं मला फारसं दुःख नाही. पण खोटं ते खोटं, आणि हे खोटं माझ्या बहिणीच्या घरात शिरलंय.

मनीमेकरचं आधी घेतो, कारण त्याच्याइतकं बिनबुडाचं त्या फॉरवर्डात दुसरं काही नाही. क्रिस मनीमेकर हे खऱ्या माणसाचं खरं नाव आहे. टेनेसीतला अकाउंटंट. पोकरस्टार्स या साइटवर ८६ डॉलर भरून पात्रता फेरी खेळला, तिथून २००३ साली लास व्हेगसला वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. आता फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढं तरी बघायचं होतं की ती मुख्य स्पर्धा बिनियन्स हॉर्सशू नावाच्या कॅसिनोत झाली. लाकडाच्या टेबलावर, खऱ्या पत्त्यांनी, डीलरने हाताने पिसून वाटलेल्या. तिथे कुणाला जिंकवायला सॉफ्टवेअर नव्हतंच.

आणि त्याच स्पर्धेत असा एक डाव झाला की तो आज मोबाइलवर कुणाच्या वाट्याला आला तर तो माणूस रात्रभर ॲपला शिव्या घालेल. आधी नियम एका ओळीत: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडे, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर); या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी तो जिंकतो. दहा खेळाडू उरले होते. एकीकडे फिल आयव्ही, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत ज्याचं नाव घेतात तो. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी. समोर मनीमेकर, एक्का-राणी घेऊन. फ्लॉपवर दोन राण्या आणि एक छक्की. टर्नला नव्वी आली, आयव्हीचं फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) झालं. रिव्हरला एक्का आला, मनीमेकरचं त्याहून मोठं फुल हाउस झालं. आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर.

नवख्याने उस्तादाला शेवटच्या पत्त्यावर मारलं, असंच सगळे सांगतात. पण डाव पहिल्यापासून बघा. पत्ते वाटले तेव्हा आयव्ही थोडा पुढे होता. फ्लॉपवर मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या, तेव्हा आयव्हीला कॅटमधल्या उरलेल्या दोन नव्व्यांवाचून जवळजवळ आशा नव्हती. त्यातली एक टर्नला आली. ते आयव्हीचं नशीब होतं! त्यानंतर न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी ७ मनीमेकरला चालणारे होते: तीन एक्के, तीन छक्क्या, एक राणी. म्हणजे सुमारे १६ टक्के. त्यातला एक आला. नशीब दोघांकडे आलं, फक्त मनीमेकरकडे नंतर आलं, आणि लोकांच्या लक्षात नंतरचं राहतं.

भाच्याची तक्रार अशाच एका डावाची आहे. त्याच्याकडे एक्का-राजा, समोरच्याकडे एक्का-सत्ती. टेबलावर एक्का, नव्वी, चव्वी, गुलाम. दोघांचीही एक्क्यांची जोडी, पण भाच्याचा राजा वरचढ. सगळे पैसे मध्ये, म्हणजे ऑल-इन. रिव्हरला सत्ती, आणि समोरच्याच्या दोन जोड्या. "एक्का-सत्ती घेऊन ऑल-इन कोण मारतं, मामा? त्याला माहीत असल्याशिवाय?" अरे, कच्चा माणूस मारतो. म्हणूनच तो कच्चा. त्या क्षणी त्याला ४४ पैकी ३ पत्ते चालत होते, जेमतेम ७ टक्के. तो चुकीचा खेळला, तू बरोबर खेळलास आणि डाव त्याने नेला. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढंच मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय.

आता एक्के. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकते. उरलेले १८ डाव कुठेतरी पडणारच. कुणाच्या घरी पत्ते मांडून बसलात तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, आणि एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे सात-आठ तासांत एकदा. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसलेला माणूस तासाला दोन-अडीचशे डाव सहज बघतो. त्याला तासाला एकदा एक्के मिळतात. चार रात्री बसला तर जितके एक्के हरताना बघेल तितके त्याच्या काकांनी दिवाळीतल्या सगळ्या डावांत मिळून पाहिले नसतील. प्रमाण तेच, डाव जास्त.

'मोठ्या स्पर्धांत शेवटी अडाणीच उरतात' हेही इथेच निकालात काढतो. हजार जणांची टूर्नामेंट घ्या. त्यातले पाचशे कच्चे समजा. प्रत्येक जण कधी ना कधी मागे असताना सगळे पैसे लावतो, जिंकायची शक्यता २० टक्के. असं तीनदा झालं तर तिन्ही वेळा वाचणारे पाचशेतले चार. ४९६ गेलेले असतात. ते तुम्हाला दिसत नाहीत, ते रात्री साडेनऊलाच जेवायला उठले. दीड वाजता तुमच्या टेबलावर जो कच्चा खेळाडू बसलेला दिसतो तो त्या चारांतला आहे. नशीबवानच असणार, नाहीतर तो तिथपर्यंत येताच ना.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब करा. तुम्ही उत्तम खेळता, प्रत्येक ऑल-इनला ८० टक्के पुढे असता. हजार जणांचे सगळे चिप्स, म्हणजे टेबलावर पैशांच्या जागी लावायच्या चकत्या, गोळा करायचे तर सुरुवातीचा ढीग साधारण दहा वेळा दुप्पट व्हायला हवा. प्रत्येक वेळी सगळं पणाला लागलं असं धरलं तर दहाही वेळा वाचण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आत. प्रत्यक्षात तुमच्याकडे जास्त चिप्स असले की एकदा हरून तुम्ही बाहेर पडत नाही, त्यामुळे चित्र इतकं वाईट नसतं. पण चांगला खेळाडू बहुतेक टूर्नामेंटमधून आपल्याहून कच्च्या माणसाच्या हातूनच बाहेर पडतो. मीही पडलो. बहुतेक रात्री.

कंपनीच्या हेतूबद्दल फॉरवर्डात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. हरणारा माणूस लवकर संपू नये हे कंपनीच्या फायद्याचं असतंच. पण त्यासाठी पत्ते बदलायची तिला गरज काय? बंदीआधी ५५० रुपयांच्या टूर्नामेंटमध्ये ५०० बक्षिसाच्या गल्ल्यात आणि ५० कंपनीला, हे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं. जिंकला कोण याने त्या ५० रुपयांत फरक पडत नव्हता. तिला हवं असायचं ते री-एंट्रीचं, म्हणजे पैसे भरून पुन्हा शिरायचं, बटण. हरलात, चिडलात, पुन्हा ५५०. पुन्हा हरलात, पुन्हा ५५०. उशिरापर्यंत उघडी ठेवलेली नोंदणी, बोनसच्या नोटिफिकेशन, सगळं पडद्यावर, अटींसकट. माझा राग या गोष्टींवर आहे. छुप्या सत्तीचा शोध घेत बसलेल्या माणसाला हे उघडं बटण दिसतच नाही.

'परदेशात सिद्ध झालंय.' हो, झालंय. पण काय सिद्ध झालं ते फॉरवर्डात नाही. २००७ साली अॅब्सोल्यूट पोकर या साइटवर हजार डॉलरच्या एका टूर्नामेंटमध्ये 'पॉटरिपर' नावाच्या खात्याने पहिला क्रमांक पटकावला. दुसरा आलेल्याने आपल्या डावांची नोंद मागितली, तेव्हा साइटने चुकून अख्ख्या टूर्नामेंटची फाइल पाठवली, सगळ्यांच्या झाकलेल्या पत्त्यांसकट. लोकांनी डाव अन् डाव तपासला. त्या खात्याला दुसऱ्यांचे पत्ते दिसत होते. पुढच्या वर्षी अल्टिमेटबेट या साइटचं तसंच प्रकरण बाहेर आलं, आणि कॅनडातल्या कानावाकी गेमिंग कमिशनने १९९४ च्या वर्ल्ड सीरीज विजेत्या रस हॅमिल्टनचं नाव मुख्य सूत्रधार म्हणून घेतलं. खेळाडूंना दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली.

म्हणजे घोटाळा होतो. तो नाकारणारा मी कोण? पण त्याचा चेहरा बघा. पॉटरिपर मागे असताना पत्ते टाकून डाव सोडायचा आणि पुढे असताना नेमका डावात राहायचा. एक्का-सत्तीवर ऑल-इन मारून रिव्हरची वाट बघणाऱ्या माणसाच्या अगदी उलट. ज्याला पत्ते दिसतात त्याला नशिबाची गरजच पडत नाही. भाच्याने संशय घ्यायचाच असेल तर जो त्याच्याविरुद्ध कधीच चुकत नाही त्याच्यावर घ्यावा.

पैसे काढल्यावर पत्ते बिघडतात, यावर मी दोन वाक्यांपेक्षा जास्त खर्च करणार नाही. माणूस पैसे काढतो ते जिंकल्यावर, आणि लागोपाठच्या जिंकण्यानंतर नेहमीचे दिवस येतातच. कावळा बसला आणि फांदी मोडली, बाकी काही नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. 'तीनदा हरलात की चौथ्यांदा द्यावंच लागतं.'

कुणी द्यावं लागतं? पत्ते प्रत्येक डावाला नव्याने पिसले जातात. मागचे तीन डाव कुठे लिहून ठेवलेले नसतात. एक्के राजांविरुद्ध तीनदा हरले तर चौथ्यांदाही ८२ टक्केच, एका टक्क्यानेही जास्त नाही. ८२ टक्के म्हणजे शंभरात ८२, आणि हा हिशेब हजारो डावांवर जुळतो, आजच्या रात्रीवर नाही. या एका वाक्याने लोकांची घरं बसली आहेत, आणि ऑनलाइन पोकर यायच्या कितीतरी आधीपासून. मटक्याच्या अड्ड्यावरही हेच सांगायचे: इतके दिवस हा आकडा आला नाही, आता येणारच.

त्यात फॉरवर्डातली खरी लबाडी बघा. पहिल्या मुद्द्यात म्हणतो सिस्टीम तुम्हाला लुटते. शेवटच्या मुद्द्यात म्हणतो तीच सिस्टीम हिशेब ठेवून तुमचं देणं फेडते. दोन्ही एकत्र खरं असूच शकत नाही. पण रात्री दोन वाजता, आठ हजार गेलेले असताना, वाचणाऱ्याला दोन्ही पटतं. आधी त्याच्या हरण्याला कारण मिळतं, मग पुन्हा लावायला.

आणि ती लिंक. भाच्याने मला पडदा दाखवला. ॲपवर फक्त चिप्स, पैशाचा उल्लेखही नाही. पैसे एका एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवायचे, तो क्लबात चिप्स टाकणार. जिंकलात तर त्यालाच मेसेज करायचा. बंदीआधीच्या काही ॲपवर पत्ते पिसण्याच्या प्रोग्रॅमचं आयटेक लॅब्ससारख्या संस्थेचं प्रमाणपत्र तरी असायचं. ते प्रमाणपत्रही एका खोलीत बसून फोनवर एकमेकांचे पत्ते सांगणाऱ्या दोघांना पकडत नाही, पण निदान तक्रार नोंदवायला पत्ता असायचा. इथे टेबलावर कोण बसलंय हे एजंटालाच ठाऊक. घोटाळ्याच्या भीतीने पळालेल्या माणसाला, जिथे घोटाळा सगळ्यात सोपा तिथे नेऊन बसवणारा हा फॉरवर्ड आहे. तो कुणी लिहिला असेल याचा अंदाज बांधायला मला फार कष्ट पडत नाहीत.

भाच्याने त्या एजंटाला पाच हजार पाठवले आहेत, त्यातले तीन रूममेटकडून घेऊन. ताईला अजून माहीत नाही. "तू सांगशील की मी सांगू?" असं विचारल्यावर तो म्हणाला, मी सांगतो, पण आधी त्या सत्तीचं सांग. त्याला अजूनही ती सत्ती मुद्दाम आली असं वाटतं.

रविवारी तो ठाण्याला येतोय. मी एक जुना कॅट काढून ठेवलाय. त्याचे एक्का-राजा, त्या माणसाचे एक्का-सत्ती आणि टेबलावरचे चार पत्ते बाजूला मांडायचे, उरलेले ४४ त्याने स्वतःच्या हाताने पिसायचे आणि वरचा एक उलटायचा. असं दोनशे वेळा. सत्ती आली की वहीत रेघ मारायची. रेघा चौदाच्या आसपास होतील, आणि त्यातल्या दोन-तीन बहुधा अगदी जवळजवळ पडतील. ती वही घेऊन मग आम्ही दोघं ताईकडे जाऊ.