बग्ज बनीने मेल ब्लँक यांना वाचवले नाही

अमेरिकी आवाज-कलाकार मेल ब्लँक यांच्याविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर ते बग्ज बनीच्या, म्हणजे त्यांनीच आवाज दिलेल्या गाजर खाणाऱ्या कार्टून सशाच्या, नावाने हाक मारताच कोमातून खडखडीत बरे होऊन उठले, त्यांना गाजराची अ‍ॅलर्जी होती, वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमधला प्रत्येक आवाज त्यांचाच होता आणि ते पडद्यावर कधीच दिसले नाहीत, असे त्यात म्हटले आहे. 'औषधांवर पैसा घालवण्यापेक्षा रुग्णाला त्याचा आवडता आवाज ऐकवा' हा सल्ला शेवटी जोडलेला आहे. हा संदेश माझ्या मावशीला आला तेव्हा काका डोक्याला मार लागून अतिदक्षता विभागात होते. तिने तो मनावर घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

अपघात खरा आहे. २४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर ब्लँक यांच्या गाडीची समोरून येणाऱ्या गाडीशी धडक झाली. कवटीला तडे गेले, दोन्ही पाय मोडले आणि ते सुमारे दोन आठवडे बेशुद्ध होते. डॉक्टरांनी त्यांना बग्ज बनी म्हणून हाक मारून विचारपूस केली आणि ब्लँक यांनी त्याच आवाजात उत्तर दिले, हेही नाकारता येणार नाही. १९८८ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच ते सांगितले आहे. मात्र बेशुद्ध माणूस स्वतःच्या बेशुद्धीचा साक्षीदार नसतो, त्यामुळे त्या क्षणाचे वर्णन त्यांनाही इतरांकडूनच कळलेले असणार. शिवाय ही हाक मारणारा माणूस त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर होता आणि ती कानी पडली ती रुग्णालयातल्या खाटेवर, दोन आठवड्यांच्या उपचारांनंतर. संदेशात नेमके हे दोन आठवडे गाळले आहेत.

'खडखडीत बरे' हे तर धादांत खोटे आहे. 'द फ्लिंटस्टोन्स' या कार्टून मालिकेतल्या बार्नी रबलचा आवाज ब्लँक यांचा होता. अपघातानंतर काही भागांसाठी तो डॉज बटलर या दुसऱ्या आवाज-कलाकाराला द्यावा लागला, आणि पुढे ब्लँक परतले ते अंगभर प्लास्टर असलेल्या अवस्थेत: ध्वनिमुद्रणाची सामग्री त्यांच्या घरी नेली गेली, सहकलाकार पलंगाभोवती जमले आणि ते उताणे पडून बार्नीचे संवाद बोलले. ही चिकाटी त्यांची, हाडे सांधली ती वैद्यकाने, आणि त्या वैद्यकावरचा खर्च वाचवायला सांगण्यासाठी हेच उदाहरण वापरले जावे, याचा मला संताप येतो. बेशुद्ध माणसाशी घरच्यांनी अवश्य बोलावे. औषध थांबवून मात्र नव्हे.

गाजराच्या अ‍ॅलर्जीचा इन्कार ब्लँक यांनी स्वतः मुलाखतीत केला होता. बग्जसाठी ध्वनिमुद्रण करताना ते गाजर चावून थुंकत, कारण तोंडात घास असताना पुढचे वाक्य बोलता येत नाही. एवढेच त्यामागचे कारण.

पडद्यावर न दिसण्याचे विधान तर तपासण्याचीही कोणी तसदी घेतलेली नाही. विनोदी कलाकार जॅक बेनी यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते वारंवार दिसत. नाताळच्या खरेदीत बेनी ज्याला पुन्हा पुन्हा वस्तू बदलून मागत हैराण करतात, तो दुकानातला विक्रेता ब्लँक यांनीच साकारला.

राहिला 'प्रत्येक आवाज त्यांचाच' हा दावा. बग्ज बनी, डॅफी डक, ट्वीटी, सिल्व्हेस्टर हे सगळे एका गळ्यातून आले, ही थोर गोष्ट आहे आणि अतिशयोक्तीला तेवढा आधार मिळतो, हे मान्य. परंतु बग्जच्या मागे लागणारा शिकारी एल्मर फड हा आर्थर क्यू. ब्रायन यांचा आवाज होता, तोही १९५९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. ट्वीटीची मालकीण असलेल्या ग्रॅनीचा आवाज बी बेनाडेरेट आणि नंतर जून फोरे यांनी दिला. वॉर्नरकडे पगारवाढ नाकारली गेल्यावर ब्लँक यांनी श्रेयनामावलीत आपले नाव मागून घेतले आणि त्यानंतर कित्येक वर्षे बहुतेक कार्टूनमध्ये आवाजासाठी केवळ त्यांचेच नाव झळकत राहिले. गैरसमज तिथूनच सुरू झाला, आणि ब्रायन यांचे नाव आजही बहुतेकांना ठाऊक नाही.