पाकिटावरच्या रेषा आणि आतलं मत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया वाचली, खरं तर दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की यातला एक मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्याच वाक्यावर उलटतोय, म्हणून नुसतं "धन्यवाद" टाकून सुटका करून घेत नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या, टपाली मतदानावर लिहिलं होतं आणि मतपत्रिकेच्या पाकिटावरच्या बारकोडचं जरा जास्तच कौतुक केलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात की एक तर बारकोड आला म्हणजे कोणी कोणाला मत दिलं ते सरकारला कळणारच, गुप्त मतदान गेलं उडत. दुसरं, २०२० मध्ये तीन लाख मतपत्रिका याच बारकोडसकट गायब झाल्या तेव्हा ट्रॅकिंगने काय दिवे लावले. आणि तिसरं, "तिकडे राहिलं की सगळं चकाचक दिसायला लागतं". तिसऱ्याचं उत्तर मी देत नाही, ते माझी बायको मला रोज देते.

आधी गुप्ततेचं बघू. बारकोड पाकिटावर असतो, मतपत्रिकेवर नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. गेल्या निवडणुकीचं पाकीट आलं तेव्हा मुलीने जेवणाच्या टेबलावर टूथपिक घेऊन त्या रेषा मोजल्या, बरोबर ६५ भरल्या. काही पूर्ण उंच, काही फक्त वर गेलेल्या, काही फक्त खाली आणि काही अगदी ठेंगण्या, असे चारच प्रकार. त्यात जास्तीत जास्त ३१ आकडे बसतात : हे कुठल्या प्रकारचं टपाल आहे (मतपत्रिकेला वेगळा कोड असतो, जाताना वेगळा आणि परत येताना वेगळा), पाठवणारा कोण, पाकिटाचा अनुक्रमांक काय आणि पिनकोडसारखा त्यांचा झिप कोड. माझं नाव त्यात कुठेच नाही. पोस्टाला तो अनुक्रमांक म्हणजे नुसता आकडा, तो माझा आहे हे फक्त निवडणूक ऑफिसच्या यादीत असतं. पाकीट तिथे पोचलं की बाहेरची सही तपासतात, मग वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र बसून ते फोडतात, मतपत्रिका एका ढिगात आणि रिकामं पाकीट दुसऱ्या ढिगात. त्यानंतर कुठली मतपत्रिका कुठल्या पाकिटातली हे सांगायला काही उरत नाही. मात्र मी मत *दिलं की नाही* हे कळतं, आणि कोलोरॅडोत ती माहिती सार्वजनिकच असते, बारकोड असो वा नसो. त्याबद्दल तक्रार असेल तर मलाही ते फारसं आवडत नाही, पण दोष बारकोडचा नाही.

आता तीन लाखांची गोष्ट. ही तुम्ही अर्धीच ऐकलीय, पण अर्धी का होईना बरोबर ऐकलीय. ३ नोव्हेंबर २०२० ला, ऐन मतदानाच्या दिवशी, अमेरिकी पोस्टाच्या आकडेवारीत सुमारे तीन लाख पाकिटं अशी निघाली की छाननी केंद्रात शिरल्याचं स्कॅन आहे पण बाहेर पडल्याचं नाही. एमेट सुलिव्हन नावाच्या न्यायाधीशांनी आदेश दिला की १२ पोस्टल डिस्ट्रिक्टमधली केंद्रं दुपारपर्यंत पिंजून काढा, पोस्टाला ती वेळ काही पाळता आली नाही, आणि टीव्हीवर "मतपत्रिका हरवल्या" सुरू झालं. पोस्टाचं म्हणणं असं की शेवटच्या दिवसांत घाई म्हणून माणसांनी मतपत्रिका हाताने वेगळ्या काढून थेट पोचवल्या, त्यामुळे शेवटचं मशीन त्यांनी बघितलंच नाही, मग स्कॅन येणार कुठून. म्हणजे स्कॅन नाही याचा अर्थ पाकीट नाही असा होत नाही. नंतर पोस्टाने जाहीर केलं की मतदारांनी पाठवलेल्या ९९.८९ टक्के मतपत्रिका सात दिवसांच्या आत पोचल्या, पण तो आकडा त्यांनीच काढलेला आणि मोजमाप शेवटी त्यांच्याच स्कॅनवर, तेव्हा मी तो डोळे मिटून घेणार नाही.

आणि इथेच तुमचा मुद्दा मला लागला. मी लिहिलं होतं की "पाकीट कुठे आहे हे दर क्षणाला कळतं". साफ चूक. तुमच्या डोक्यात स्पीड पोस्ट आहे आणि लिहिताना माझ्याही डोक्यात तेच होतं : तेरा अक्षरांचा नंबर, पावती, दारात सही. हे तसं नाहीये. हे साधं टपाल आहे, छाननीच्या मशीनने जाता जाता वाचलं तर वाचलं, दोन मशीनच्या मधे ते कुठे पडलंय हे कोणालाच माहीत नसतं. शिवाय इथे बहुतेक लोक पाकीट पोस्टात टाकतच नाहीत, निवडणूक ऑफिसच्या पेटीत टाकतात, तिथे पोस्टाचं स्कॅन येणारच नाही, जो मेसेज येतो तो ऑफिसने पाकीट स्वतः नोंदवल्यावरचा. आणि परतीच्या सगळ्या पाकिटांवर एकच अनुक्रमांक छापला असेल तर त्या रेषा नुसत्या पत्ता वाचायच्या, एकेका पाकिटाचा माग लागत नाही.

मग उपयोग काय, तर माझंच उदाहरण. पाकीट पेटीत टाकलं, "मिळालं" असा मेसेज आला, आणि दोन दिवसांनी दुसरा : सही जुळत नाही. चूक माझीच. लायसन्स काढताना त्या काचेच्या पॅडवर कोंबडीच्या पायासारखी सही केली होती, ऑफिस ताडून बघतं ती तीच, आणि पाकिटावर निवांत बसून झोकदार केली. कोलोरॅडोत हे दुरुस्त करायला मतदानानंतर आठ दिवस मिळतात, मी फोनवरूनच करून टाकलं. पत्राची वाट बघत बसलो असतो आणि नेमके तेव्हा पुण्याला आलेलो असतो तर मत गेलंच होतं. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर, तिने २००९ मध्ये हे मेसेज सुरू केले ते मला यासाठी आवडतात. घोटाळा पकडायला म्हणून नाही, आपल्याला वेळेत कळावं म्हणून. इलिनॉय राज्यात तर पाकिटावर पोस्टाचा शिक्का उमटला नसेल तर ते कधी टाकलं हे ठरवायला हा बारकोड चालतो. कोलोरॅडोत तो प्रश्नच नाही, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत पाकीट ऑफिसात हवं, शिक्का काहीही असो.

"आपल्याकडे असलं काही लागत नाही" असंही तुम्ही लिहिलंय. लागतं की. आपल्या जवानांना २०१६ पासून मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते प्रिंट काढून मत देऊन पोस्टाने परत पाठवतात, आणि त्या लिफाफ्यांवरचे क्यूआर कोड मोजणीच्या वेळी स्कॅन करतात. अनिवासी भारतीयांना मात्र अजून स्वतः येऊनच मत द्यावं लागतं. त्यावर वेगळं लिहायचंय, तेव्हाही भांडायला या.

मूळ लेखातलं "दर क्षणाला" काढून "मशीनने वाचलं तेव्हा" केलंय. जुने शब्द खोडून तिथेच ठेवलेत, म्हणजे तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते पुढच्यांना कळेल.